आंतरराष्ट्रीय सचिवालयातील राजकीय अधिकारी

संयुक्त राष्ट्रे किंवा तत्सम आंतरशासकीय संघटनेच्या सचिवालयात नोकरीस असलेला आणि जगातील राजकीय घडामोडींचा मागोवा घेणे, तंट्यांतील पक्षांशी संपर्क राखणे, संघटनेच्या प्रमुखासाठी व तिच्या मंडळांसाठी टिपणे, अहवाल आणि मसुदे तयार करणे ही कामे करणारा अधिकारी. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत ह्या पदास ‘राजकीय व्यवहार अधिकारी’ अशा अर्थाचे नाव आहे. येथे ‘राजकीय’ ह्या शब्दाचा पक्षीय राजकारणाशी संबंध नाही. किंबहुना त्यापासून कटाक्षाने दूर राहणे, ही ह्या सेवेची पहिली अट असते. राजदूत आणि हा अधिकारी एकाच दालनात बसतात, एकाच विषयावर बोलतात, पुष्कळदा त्यांचे शिक्षणही सारखेच असते; परंतु राजदूत आपल्या शासनाच्या सूचनांनुसार बोलतो, तर ह्या अधिकाऱ्याने कोणत्याही शासनाकडून, स्वतःच्या देशाच्या शासनाकडूनही, सूचना घ्यावयाच्या नसतात. कोणत्याच राष्ट्राचा नसलेला असा राजकीय सेवक प्रत्यक्षात असू शकतो काय, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर प्रथमच गंभीरपणे विचारला गेला. ह्या पदाचा इतिहास हा बव्हंशी त्या प्रश्नाचा इतिहास आहे.

हे काम मुख्यतः लेखणीचे आहे. दूरच्या प्रदेशांतील कार्यालयांकडून आलेल्या सांकेतिक तारा वाचणे, वृत्तपत्रे व भाषणे चाळणे, महासचिव एखाद्या पंतप्रधानांना भेटणार असल्यास त्यांच्यासाठी बोलावयाचे मुद्दे लिहून देणे, भेटीच्या वेळी मागच्या खुर्चीवर बसून टाचण घेणे आणि त्याच दिवशी त्याची नोंद तयार करणे, असा हा दिनक्रम असतो. सुरक्षा समितीपुढे जाणारे महासचिवांचे अहवाल प्रथम अशाच कोणा अधिकाऱ्याच्या मेजावर आकार घेतात. तेथून ते चार-पाच वरिष्ठांच्या हातांखालून जातात आणि प्रत्येक हात एखादे विशेषण कमी करतो. छापील अहवालावर मूळ लेखकाचे नाव कधीच नसते. ह्या व्यवसायात शब्दाला किती किंमत असते, ह्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पश्चिम आशियाविषयीचा २२ नोव्हेंबर १९६७ चा २४२ क्रमांकाचा ठराव. इझ्राएलने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी, असे सांगताना इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेश’ ह्या शब्दामागे निश्चितार्थक उपपद घातलेले नाही, फ्रेंच पाठात मात्र ते आहे. त्यामुळे माघार सर्व प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिला. हा मसुदा सचिवालयाचा नसून ब्रिटिश शिष्टमंडळाचा होता, हे खरे. परंतु राजकीय अधिकाऱ्यास ज्या जगात वावरावे लागते, ते हेच. मराठीत असे उपपदच नसल्याने ह्या वादाची धार मराठी वाचकास चटकन जाणवत नाही.

एकोणिसाव्या शतकात राष्ट्रांच्या परिषदा भरत, तेव्हा त्यांचे सचिव यजमान राष्ट्राच्या परराष्ट्र खात्यातून घेतले जात. जागतिक टपाल संघासारख्या (स्थापना १८७४) कायम संस्थांच्या कचेऱ्या होत्या. परंतु त्यांचा कारभार तांत्रिक होता आणि तो बव्हंशी स्विस शासनाच्या देखरेखीखाली चाले. राष्ट्रसंघाची स्थापना होत असताना त्याचे सचिवालयही राष्ट्रवार तुकड्यांचे असावे, म्हणजे प्रत्येक मोठ्या राष्ट्राचा सचिव व त्याचे मदतनीस ह्यांनी आपापल्या देशाच्या वतीने काम पाहावे, असा एक विचार होता. ब्रिटिश मंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी ह्यांचा कल तिकडे होता. हँकी ह्यांनी महासचिवपद नाकारले आणि ते ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील सर एरिक ड्रमंड ह्यांच्याकडे गेले. ड्रमंड ह्यांनी १९१९ मध्येच वेगळा निर्णय घेतला : सचिवालय एकसंध असेल, त्याची रचना राष्ट्रवार नव्हे तर विषयवार होईल आणि सेवक केवळ राष्ट्रसंघास जबाबदार राहतील. १९२० च्या बॅल्फर अहवालाने ह्या तत्त्वास मान्यता दिली. ड्रमंड स्वतः सावध वृत्तीचे, प्रसिद्धीपराङ्‌मुख गृहस्थ होते; त्यांनी जन्मास घातलेली ही कल्पना मात्र त्या काळच्या राजनयात अत्यंत धाडसी होती.

राष्ट्रसंघाच्या राजकीय विभागाचे पहिले संचालक पॉल मांतू हे होते. मांतू हे मूळचे इतिहासकार. इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या शांतता परिषदेत चार बड्या नेत्यांच्या बैठकींत त्यांनी दुभाषाचे काम केले होते. राजकीय अधिकाऱ्याच्या पूर्वजांत असा दुभाषी असावा, हे अर्थपूर्ण वाटते. तथापि खऱ्या अर्थाने नवे काम घडले, ते अल्पसंख्याक विभागात. पोलंड, रूमानिया, चेकोस्लोव्हाकिया इ. देशांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे करार केले होते आणि त्यांच्या भंगाविषयीचे अर्ज जिनीव्हास येत. अर्ज स्वीकारार्ह आहे किंवा नाही, हे हा विभाग प्रथम पाही. निनावी किंवा प्रक्षोभक भाषेतील अर्ज फेटाळला जाई. मग तो कौन्सिलच्या तीन सदस्यांच्या समितीपुढे ठेवला जाई. विभागाचे नॉर्वेजियन संचालक एरिक कोलबान हे संबंधित देशाच्या राजधानीत जात आणि मंत्र्यांशी खाजगीत बोलून काही शाळा, काही जमिनी, काही हक्क पदरात पाडून घेत. शासनांना दुखवायचे नाही, ही त्यांची रीत होती. तीमुळे पुष्कळ तक्रारी गाजावाजा न होता मिटल्या. पण ज्यांनी अर्ज केले होते, त्यांना आपल्या अर्जाचे काय झाले, हे बहुधा कळतही नसे. अर्जदारांच्या बाजूने हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि तो रास्त होता. शांत मध्यस्थी आणि उघड साक्ष ह्यांतील ही ओढाताण ह्या पदास जन्मापासूनच चिकटलेली आहे.

निःपक्षपातीपणाचे तत्त्व मान्य होणे वेगळे आणि टिकणे वेगळे. फॅसिस्ट राजवटीने सचिवालयातील इटालियन अधिकाऱ्यांकडून आपल्याच निष्ठेची अपेक्षा धरली. राष्ट्रसंघाने १९३२ मध्ये सर्व अधिकाऱ्यांसाठी निष्ठेची लेखी प्रतिज्ञा ठरविली. परंतु तोवर बड्या राष्ट्रांनी वरची पदे आपापसांत वाटून घेण्याची प्रथा रूढ झाली होती. १९३३ मध्ये ड्रमंड ह्यांच्या जागी आलेले फ्रेंच महासचिव झोझेफ आव्हनॉल ह्यांनी १९४० मध्ये फ्रान्सच्या पाडावानंतर व्हिशी शासनाशी जुळवून घेण्याची धडपड केली आणि अखेर पद सोडले. उरलेल्या मूठभर सेवकांसह आयरिश उपमहासचिव शॉन लेस्टर ह्यांनी युद्ध संपेपर्यंत जिनीव्हातील दिवा तेवत ठेवला.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने (१९४५) हा अनुभव कलमबद्ध केला. कलम १०० अन्वये महासचिव व त्यांचे सेवक ह्यांनी कोणत्याही शासनाकडून सूचना मागू अथवा घेऊ नयेत आणि सदस्यराष्ट्रांनीही त्यांच्यावर दडपण आणू नये, असे दुहेरी बंधन आहे. कलम १०१ मध्ये कार्यक्षमता, पात्रता व सचोटी ह्या कसोट्या आणि शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर भरती करण्याचे धोरण सांगितले आहे. राजकीय अधिकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र ९९ वे होय. शांततेस धोका पोहोचविणारी कोणतीही बाब सुरक्षा समितीच्या नजरेस आणण्याचा अधिकार ते महासचिवांना देते. राष्ट्रसंघाच्या प्रमुखास असा अधिकार नव्हता. धोका ओळखावयाचा, तर कोणी तरी तो आधी पाहिला पाहिजे, पारखला पाहिजे व लिहून ठेवला पाहिजे. ह्या गरजेतूनच राजकीय विभाग वाढले. बड्या राष्ट्रांत आरंभीच झालेल्या समजुतीनुसार सुरक्षा समितीविषयक विभागाचे प्रमुखपद सोव्हिएट नागरिकाकडे राहू लागले. त्याचा परिणाम असा झाला, की नाजूक कामे ह्या विभागाला वळसा घालून महासचिवांच्या निकटच्या लहानशा वर्तुळात होऊ लागली.

त्या वर्तुळातील सर्वांत मोठे नाव राल्फ बंच ह्यांचे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून आलेले हे प्राध्यापक विश्वस्त प्रदेशांच्या विभागाचे काम पाहत असताना १९४७ मध्ये पॅलेस्टाइनविषयक विशेष समितीबरोबर पाठविले गेले. अकरा राष्ट्रांच्या ह्या समितीत भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान हे होते. समितीत फूट पडली : सात सदस्यांनी फाळणीची शिफारस केली, भारत, इराण व यूगोस्लाव्हिया ह्या तिघांनी संघराज्याची योजना मांडली, तर ऑस्ट्रेलिया अलिप्त राहिला. परस्परविरोधी अशा ह्या दोन्ही योजनांच्या मसुद्यांत बंच ह्यांच्या लेखणीचा मोठा वाटा होता. सामान्य वाचकास हे विचित्र वाटेल. परंतु ज्याचे मत त्याला ते नीटपणे मांडता यावे, म्हणून त्याच्या हाती मसुदा देणे हा ह्या सेवेचा धर्मच आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडॉट ह्यांची जेरूसलेममध्ये हत्या झाली आणि त्यांचे काम बंच ह्यांच्यावर येऊन पडले. जानेवारी १९४९ मध्ये रोड्झ बेटावरील एका हॉटेलात त्यांनी ईजिप्त व इझ्राएल ह्यांची शिष्टमंडळे उतरविली. आधी केवळ कार्यक्रमपत्रिकेवर सह्या घ्यावयाच्या, मग एखाद्या किरकोळ कलमावर. सही करण्याची सवय लागली, म्हणजे मोठ्या कलमाकडे वळावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. २४ फेब्रुवारीस ईजिप्तशी, मार्चमध्ये लेबाननशी, एप्रिलमध्ये जॉर्डनशी आणि २० जुलैस सिरियाशी इझ्राएलचे शस्त्रसंधी करार झाले. १९५० चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, तेव्हा सचिवालयातील माणूस पारितोषिकासाठी शांतता घडवीत नसतो, असे म्हणून ते नाकारण्याचा त्यांचा विचार होता. महासचिव ट्रिग्वे ली ह्यांनी आग्रह केल्यामुळे त्यांनी ते स्वीकारले.

भारतीय उपखंडाचा ह्या सेवेशी पहिला निकटचा संबंध काश्मीर प्रश्नामुळे आला. १९४८ च्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांचा आयोग कराची व दिल्ली येथे आला, तेव्हा महासचिवांचे व्यक्तिगत प्रतिनिधी म्हणून त्यासोबत आलेले वयोवृद्ध गृहस्थ म्हणजे जिनीव्हाच्या अल्पसंख्याक विभागाचे तेच एरिक कोलबान होत. १ जानेवारी १९४९ पासून युद्धबंदी झाली आणि जुलैमध्ये कराचीस युद्धबंदी रेषा आखली गेली. राजकीय तोडगा आयोगाच्या हाती लागला नाही.

नव्या सेवेवर पहिला मोठा आघात झाला, तो यजमान देशाकडून. अमेरिकेत साम्यवादविरोधी चौकश्यांचे वारे वाहत असताना १९५२ मध्ये सेनेटच्या एका उपसमितीने सचिवालयातील अमेरिकन नागरिकांना जबाबासाठी पाचारण केले. ज्यांनी घटनादत्त हक्काचा आधार घेऊन उत्तरे नाकारली, त्यांना ली ह्यांनी सेवेतून काढले. अमेरिकन पोलीस-तपासयंत्रणेस मुख्यालयातच जागा देण्यात आली. ह्या दडपणाच्या काळातच, नोव्हेंबर १९५२ मध्ये, महासचिवांचे विधिसल्लागार एब्राहम फेलर ह्यांनी आत्महत्या केली. काढलेल्यांपैकी काहींच्या बाजूने प्रशासकीय न्यायाधिकरणाने निवाडे दिले आणि आमसभा ती भरपाई नाकारू शकत नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ जुलै १९५४ रोजी व्यक्त केले. नोबेल मिळविलेल्या बंच ह्यांनाही त्याच वर्षी आपल्या देशाच्या निष्ठा-मंडळापुढे उभे राहावे लागले. त्यांच्यावरील आरोप निराधार ठरले. एप्रिल १९५३ मध्ये महासचिव झालेल्या डाग हॅमरशोल्ड ह्यांनी तपासयंत्रणेस मुख्यालयाबाहेर काढले.

दुसरा आघात सोव्हिएट रशियाकडून आला व तो तात्त्विक होता. काँगोतील मोहिमेवरून संतापलेल्या न्यिकिता ख्रुश्चॉव्ह ह्यांनी सप्टेंबर १९६० मध्ये आमसभेत असे सुचविले, की एका महासचिवाऐवजी पाश्चिमात्य, समाजवादी व तटस्थ अशा तीन गटांचे तीन प्रमुख असावेत. तटस्थ देश असतात, पण तटस्थ माणसे नसतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हॅमरशोल्ड ह्यांनी ३० मे १९६१ रोजी ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात त्याला उत्तर दिले. अधिकाऱ्यास आवडीनिवडी नसतात, असा दावा त्यांनी केला नाही. त्या असतात, त्यांची जाणीव ठेवून त्यांना आपल्या कृतीत शिरू न देणे, ही सचोटीची बाब आहे, आणि ह्या सचोटीमुळे कोणाच्या हितसंबंधांशी संघर्ष आलाच, तर तो तटस्थता पाळल्याचाच पुरावा ठरतो, अशी त्यांची भूमिका होती. चार महिन्यांच्या आतच एन्डोलाजवळ विमान कोसळून ते मरण पावले. त्यांच्या ह्या युक्तिवादाची कसोटी काँगोत आधीच लागली होती. भारतीय राजनैतिक सेवेतून उसनवार घेतलेले राजेश्वर दयाळ हे सप्टेंबर १९६० पासून तेथे महासचिवांचे विशेष प्रतिनिधी होते. त्यांच्या नोव्हेंबरमधील अहवालात बेल्जियनांचे पुनरागमन आणि काँगोली सैन्याची बेबंदशाही ह्यांवर स्पष्ट शब्दांत बोट ठेवलेले होते. तो अहवाल वॉशिंग्टन व ब्रुसेल्स येथे रुचला नाही आणि मे १९६१ मध्ये दयाळ ह्यांना ती जागा सोडावी लागली. सोव्हिएट टीका मात्र त्याच मोहिमेस पाश्चिमात्यांचे हस्तक म्हणत होती. हॅमरशोल्ड ह्यांच्या कसोटीने पाहिले, तर दयाळ उत्तीर्ण झाले, असेच म्हणावे लागते.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण आर्काडी शेव्हचेन्को ह्यांचे. १९७३ पासून ते राजकीय व सुरक्षा समितीविषयक विभागाचे उपमहासचिव होते. १९७८ मध्ये त्यांनी अमेरिकेत आश्रय घेतला. तत्पूर्वी काही काळ ते अमेरिकन गुप्तचर संघटनेस माहिती पुरवीत होते आणि सोव्हिएट शासनाचे आदेश तर पहिल्यापासूनच पाळीत होते, हे त्यांनी स्वतःच आत्मवृत्तात (१९८५) सांगितले आहे. कोणत्याही शासनाच्या सूचना न घेण्याची प्रतिज्ञा केलेल्या अधिकाऱ्याने एकाच वेळी दोन शासनांची सेवा केली.

राजकीय अधिकाऱ्याच्या हाती खरोखर काय असते, हे पाहावयाचे असेल, तर एका वर्षाच्या अंतराने लिहिलेले दोन अहवाल शेजारी ठेवावेत. पहिला पश्चिम इरियनचा (पश्चिम न्यू गिनी). नेदर्लंड्‌स व इंडोनेशिया ह्यांच्यातील १५ ऑगस्ट १९६२ च्या करारानुसार हा प्रदेश १९६३ मध्ये इंडोनेशियाकडे गेला आणि १९६९ संपण्यापूर्वी तेथील लोकांनी आपले भवितव्य ठरवावयाचे होते. प्रत्यक्षात मतदान झाले नाही. हजारापेक्षा थोड्या अधिक निवडक प्रतिनिधींच्या सभा जुलै-ऑगस्ट १९६९ मध्ये भरविण्यात आल्या आणि त्या सर्वांनी एकमुखाने इंडोनेशियात राहण्याचा निर्णय दिला. महासचिवांचे प्रतिनिधी, बोलिव्हियाचे फेर्नांदो ओर्तिस सान्स ह्यांनी आपल्या अहवालात भाषण व संचार ह्यांच्या स्वातंत्र्याविषयीचे कलम पाळले गेले नसल्याबद्दल आपले मतभेद नोंदविले. पण शेवटी ही निवड ‘इंडोनेशियन प्रथेनुसार’ पार पडल्याचे लिहिले. ह्या दोन शब्दांत सर्व काही आले आहे. आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार ती झाली नाही, असे म्हणण्याचे टाळून ते सुचविण्याची ही रीत आहे. आमसभेने १९ नोव्हेंबर रोजी ८४ विरुद्ध शून्य मतांनी अहवालाची ‘नोंद घेतली’. ३० राष्ट्रे अलिप्त राहिली. त्या काळी सचिवालयात अत्युच्च पदावर असलेले भारतीय अधिकारी चक्रवर्ती नरसिंहन् ह्यांनी २००१ मध्ये, निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, ही सारी प्रक्रिया म्हणजे निव्वळ सफेदी होती, असे उघडपणे मान्य केले. पापुआतील माणसांच्या दृष्टीने ही कबुली बत्तीस वर्षे उशिरा आली.

दुसरा अहवाल बहरीनचा. ब्रिटिश संरक्षणाखालील ह्या बेटावर इराणचा जुना दावा होता. उभय देशांच्या विनंतीवरून महासचिव ऊ थांट ह्यांनी जिनीव्हा कार्यालयाचे प्रमुख व्हित्तोरिओ विन्सपिअरे ग्विच्चार्दी ह्यांना लोकमत अजमावण्यासाठी पाठविले. ३० मार्च ते १८ एप्रिल १९७० ह्या काळात ते बेटावर होते. येथेही सार्वमत घेतले गेले नाही. संस्था, मंडळे व संघटना ह्यांच्या प्रतिनिधींशी बोलून, शिवाय भेटू इच्छिणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी दार उघडे ठेवून त्यांनी निष्कर्ष काढला, की लोकांच्या फार मोठ्या बहुसंख्येस पूर्ण स्वतंत्र व सार्वभौम राज्य हवे आहे. सुरक्षा समितीने ११ मे १९७० रोजी २७८ क्रमांकाच्या ठरावाने हा अहवाल एकमताने ‘मान्य केला’. ‘नोंद घेणे’ आणि ‘मान्य करणे’ ह्यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी बहरीन स्वतंत्र झाले. दोन्ही ठिकाणी मतपेटी नव्हती, दोन्ही ठिकाणी मूठभर परकी अधिकारी होते. फरक असा, की बहरीनमध्ये दावेदार राष्ट्रास मानाने दावा सोडण्याची वाट हवी होती. इरियनमध्ये प्रदेश आधीच एका पक्षाच्या ताब्यात होता आणि बड्या राष्ट्रांना तो प्रश्न लवकर मिटलेला हवा होता. अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणास फळ येते, ते बहुधा पहिल्या प्रकारच्या भूमीत. परंतु दुसऱ्या प्रकारच्या भूमीतही काय लिहून ठेवावयाचे, हे त्याच्याच हाती असते.

नामिबियातील मोहिमेने (१९८९-९०) ह्या कामाला मुख्यालयाच्या भिंतींबाहेर काढले. सुरक्षा समितीच्या १९७८ च्या ४३५ क्रमांकाच्या ठरावानुसार दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील ह्या प्रदेशात निवडणुका घ्यावयाच्या होत्या. महासचिवांचे विशेष प्रतिनिधी मार्टी आहतीसारी हे होते, तर सेनेचे प्रमुख भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. देशभर ४० हून अधिक राजकीय कार्यालये उघडण्यात आली. तेथील अधिकारी झाडाखालच्या सभेत शेतकऱ्यांशी, चर्चच्या धर्मोपदेशकांशी, गोऱ्या जमीनदारांशी आणि ज्यांची दहशत होती त्या पोलीस-पथकांच्या अधिकाऱ्यांशी बोलत. मत गुप्त राहील, हे सांगणे आणि तसे सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसेल असे वागणे, एवढेच त्यांचे शस्त्र होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये पाच दिवस मतदान चालले व ९७ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यात भाग घेतला. २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला. नंतरच्या बहुतेक मोहिमांतील राजकीय शाखा ह्या नमुन्यावर बेतलेल्या आहेत.

मुख्यालयात मात्र गोंधळ होता. १९८७ मध्ये माहिती-संकलन व संशोधनाचे वेगळे कार्यालय निघाले होते. ते १९९२ मध्ये बंद करून बुत्रोस बुत्रोस-घाली ह्यांनी विखुरलेल्या शाखा एकत्र केल्या व राजकीय व्यवहार विभाग स्थापला. शांतिसेनेचा विभाग निराळा राहिला. कोणत्या प्रश्नाचा धनी कोण, ह्यावरून दोहोंत कुरबुर चाले. बुत्रोस-घालींनी १९९३ पासून आपले वरिष्ठ राजकीय सल्लागार भारताचे चिन्मय घारेखान ह्यांना सुरक्षा समितीतील प्रतिनिधी नेमले. महासचिव व समिती ह्यांच्यामधील माहितीचा मार्ग त्यामुळे एकाच माणसाच्या हातातून जाऊ लागला.

ह्याच काळात रूआंडाची शोकांतिका घडली. ११ जानेवारी १९९४ रोजी तेथील सेनाप्रमुख रोमेओ दालेर ह्यांनी मुख्यालयास तार केली. तुत्सींच्या नोंदी केल्या जात असून त्या संहारासाठी आहेत, असे एका खबऱ्याने सांगितल्याचे तीत होते आणि शस्त्रसाठे जप्त करण्याचा मनोदयही कळविलेला होता. शांतिसेना विभागाने जप्तीस मनाई केली. ही माहिती रूआंडाच्या अध्यक्षांना व काही पाश्चिमात्य राजदूतांना द्यावी, असे सांगितले. तार सुरक्षा समितीपुढे गेली नाही. त्या वर्षी खुद्द रूआंडा समितीचा सदस्य होता, त्यामुळे समितीस सांगणे म्हणजे त्या शासनास सांगणेच होते. पण ते शासन तर आधीच माहीतगार केले गेले होते. एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. इंग्वार कार्ल्सन ह्यांच्या चौकशी समितीने डिसेंबर १९९९ मध्ये सचिवालयाच्या ह्या मौनावर ठपका ठेवला. सोमालियातील जीवितहानीनंतर सदस्यराष्ट्रांना नवी जबाबदारी नको होती, हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते आणि जे ऐकले जाणार नाही, ते त्यांनी पुढे पाठविलेच नाही. आपल्या वरिष्ठांचा कल ओळखून आधीच मसुदा सौम्य करणे हा ह्या पेशाचा जुना दोष आहे. त्याची एवढी किंमत पूर्वी कधी मोजावी लागली नव्हती. लखदर ब्राहिमी ह्यांच्या समितीने ऑगस्ट २००० मध्ये असे बजावले, की सुरक्षा समितीस काय ऐकावयास आवडेल ह्यापेक्षा तिला काय माहीत असणे आवश्यक आहे, ते सचिवालयाने सांगावे. तरीही श्रीलंकेतील युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत (२००९) तोच दोष पुन्हा दिसला, असे अंतर्गत पाहणीच्या २०१२ च्या अहवालात नमूद आहे. मध्यंतरी, १९ ऑगस्ट २००३ रोजी, बगदादमधील कार्यालयावरील बाँबहल्ल्यात सेर्जिओ व्हिएरा द मेलो व त्यांचे सहकारी मिळून २२ जण ठार झाले. तेव्हापासून क्षेत्रीय कार्यालये तटबंदीआड गेली आणि नामिबियातील झाडाखालची सभा दुर्मिळ झाली.

यशाची उदाहरणे सहसा छापून येत नाहीत. नेपाळमध्ये २००३ पासून न्यूयॉर्कच्या राजकीय विभागातील एक मधल्या श्रेणीचा अधिकारी वारंवार काठमांडूस जात असे व राजवाडा, पक्षनेते आणि माओवादी ह्यांच्याशी बोलत असे. तिसऱ्या पक्षाची मध्यस्थी भारतास मान्य नव्हती. म्हणून ‘मध्यस्थी’ हा शब्दच वापरला गेला नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये व्यापक शांतता करार झाल्यावर जानेवारी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांची राजकीय मोहीम तेथे आली व २०११ पर्यंत राहिली. करार नेपाळींनी केला, हे खरेच आहे.

१ जानेवारी २०१९ पासून शांतता-उभारणीचे कार्यालय राजकीय विभागात विलीन करण्यात आले असून प्रादेशिक शाखा आता शांतिसेना विभागाशी सामाईक आहेत. प्रवेश साधारणतः स्पर्धापरीक्षेने किंवा अनुभवाच्या बळावर होतो. राज्यशास्त्र, इतिहास, विधी अथवा आंतरराष्ट्रीय संबंध ह्यांतील पदव्युत्तर पदवी सामान्यपणे अपेक्षित असते. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी व फ्रेंच ह्या आहेत. वरची पदे मात्र अजूनही बड्या राष्ट्रांच्या वाटपातून सुटलेली नाहीत. राष्ट्रकुल, आफ्रिकी संघ, यूरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटना ह्यांच्या सचिवालयांतही राजकीय विभाग आहेत. त्यांपैकी अनेकांत सदस्यराष्ट्रांनी उसनवार दिलेले अधिकारी बरेच असतात. दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटनेची (सार्क) सनद द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळते. काठमांडू येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या तिच्या सचिवालयात संचालक सदस्यराष्ट्रांच्या नामनिर्देशनाने येतात आणि मुदत संपल्यावर आपापल्या देशाच्या सेवेत परततात. हँकी ह्यांना १९१९ मध्ये अभिप्रेत असलेली रचना जवळपास अशीच होती.